खेळातल्या घराची मागची बाजू

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहायचे ते ज्यांचं काम करून झालंय अशा माणसांनी, असं मला वाटतं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जे अंक येतात त्यांत पोस्टमास्तर लिहितात, परिचारिका लिहितात, एस.टी.चे कंडक्टर लिहितात, आणि सगळे निवृत्त झालेले असतात. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कामाला लागून फार दिवस झालेले नाहीत. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे छापण्याजोगं कसं लिहितात हेही घरी कुणाला विचारता येत नाही. संपादकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं म्हणून धीर केला आहे. कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

गावाकडे कुणी विचारलं की मी ‘कंप्युटरवर काम आहे’ एवढंच सांगतो आणि विषय बदलतो. इथे नीट सांगून बघतो. मोबाईलवर एक खेळ आहे. त्याचं नाव मला घेता येत नाही, तशी करारात अट आहे. पण तुमच्या घरातलं शाळकरी मूल जेवताना ज्यात डोकं घालून बसतं, तो बहुधा तोच. डोंगरातलं एक गाव आपण वसवायचं, घरं बांधायची, मेंढ्या पाळायच्या, लांडग्यांपासून आणि वादळापासून ते गाव राखायचं. हा खेळ इतका चालला की एका खेळण्यांच्या कंपनीने त्याचं लायसन्स घेतलं. म्हणजे खेळ ज्यांचा आहे त्यांच्याकडून रीतसर परवानगी घेतली, की तुमच्या खेळातली घरं, पूल, माणसं आम्ही एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांत करून विकू. खोक्यात सुटे ठोकळे आणि चित्रांची पुस्तिका. मुलाने बघून बघून घर बांधायचं. पण पडद्यावरचं घर ठोकळ्यांत कसं उतरवायचं, कुठला ठोकळा कुठे, आधी कुठला आणि मग कुठला, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते आम्ही ठरवतो. आम्ही म्हणजे तिघं, बीडमध्ये, नगर रोडला टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खाली ट्रकच्या चाकावर घण पडला की वर टेबलावरचे ठोकळे उड्या मारतात.

ऑफिस सय्यद सरांचं. सर मूळ बीडचेच. पुण्यात त्याच खेळण्यांच्या कंपनीत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नोकरी सोडून परत आले, आणि कंपनीला म्हणाले, हेच काम मी बीडहून करून देतो. तिकडे हसले. मग एक बारीक काम दिलं, मग आणखी एक. दुसरी प्रियांका. ती परळीची, वडील तिथल्या थर्मलला, म्हणजे ज्याची राख गावभर पडते त्या वीजकेंद्रात, कंत्राटी कामाला. पुस्तिकेची पानं तीच करते. पांढरे ठोकळे ती रोज सकाळी फडक्याने पुसते. मी म्हणालो, यांच्यावर धूळ नाहीये. ती म्हणाली, परळीत वाढलेल्या माणसाला असं सांगायचं नाही.

मी तिसरा. सर आमच्या कॉलेजात बोलायला आले होते. प्रत्येकाला मूठभर ठोकळे देऊन म्हणाले, काहीही उभं करा. माझं पडलं. मी परत उभं केलं, ते परत पडलं. तास संपला तरी मी तिथेच होतो. सर म्हणाले, “सोमवारी येऊन बघ ऑफिसला. पडण्याची हौस असलेली माणसं लागतात आम्हाला.” त्या वाक्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. तोवर कॉलेजात मला कुणी ‘ये’ म्हणालं नव्हतं.

या कामातली पहिली अडचण अशी की पडद्यावर वजन नसतं. तिथे मनोरा एका काठीवर उभा राहतो. आम्हाला एक पूल करायचा होता, तो खेळात दरीवर नुसता तरंगतो. मी त्याला खांब दिले. खेळ ज्यांचा त्यांच्याकडून उत्तर आलं, खेळात खांब नाहीत. खांब काढले की पूल पडायचा. शेवटी सर म्हणाले, “हवेचे खांब कर ना रे.” आमच्याकडे पारदर्शक ठोकळे असतात, ते एकावर एक लावले. पूल तरंगला आणि पासही झाला.

दुसरी अडचण, नवीन आकाराचा ठोकळा मागता येत नाही. नवा साचा बनवायला कंपनीला फार खर्च येतो. जे आकार आहेत त्यांतच भागवायचं. आमच्या लांडग्याची शेपटी म्हणजे फळांच्या गाड्याच्या सेटमधलं केळं आहे, फक्त करड्या रंगाचं. तुमच्या मुलाकडे तो लांडगा असेल तर नीट बघा.

पुस्तिकेत एकही शब्द नसतो, कारण ती सगळ्या देशांत जाते. पान नुसतं बघून कळलं पाहिजे. प्रियांका नवीन पानं आधी माझ्यापुढे ठेवते. “तुला जमलं म्हणजे कुणालाबी जमंल,” असं ती म्हणते. पहिल्यांदा मला ते लागलं होतं. आता मी अडखळलो की ती काही न बोलता पान मागे घेते आणि बाण बदलते. मला कळत नाही हे एखाद्याला कामाचं वाटावं, असं मला त्याआधी माहीत नव्हतं.

लोकांना आमचं ऑफिस नक्की कशाचं आहे ते कळत नाही. एकदा पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ आले. म्हणाले, “सायबांचा वाढदिवस हाय. चौकात पुतळा पायजे, ठोकळ्यांचा. लई उंच न्हाई, सायबांएवढाच.”

“करू की,” सर म्हणाले. “पण आमच्या धंद्यात ज्याचा चेहरा त्याची मंजुरी लागते. साहेबांचं नाक चौकोनी येईल. चालतंय म्हणून साहेबांची सही आणा.”

“चौकोनी?”

“पोट पण.”

गृहस्थ विचारात पडले. “गोल ठोकळे न्हाईत का?”

“हायत. पण त्यांनी टक्कल पडल्यासारखं दिसतं.”

“मंग फ्लेक्सच बरा,” असं म्हणून चहा पिऊन ते गेले.

मंजुरीचं मात्र सर चेष्टेत सांगत नव्हते. या धंद्यात सगळं तिच्यावर चालतं. खेळ ज्या कंपनीचा, तिथे इंग्रिड नावाच्या बाई आहेत. कुठल्याशा थंड देशात बसतात. आमचं प्रत्येक काम त्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने जातं: आधी चित्र, मग कंप्युटरवरची रचना, मग खरा बांधलेला नमुना. नियम एकच, खेळात जे नाही ते सेटमध्ये असता कामा नये. बाई दुष्ट नाहीत, पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा एका म्हाताऱ्याच्या मिशीचा रंग किंचित फिका होता, तोही परत आला होता. आणि नामंजूर झालेला नमुना ठेवून घेता येत नाही, मोडावा लागतो. माझ्या भावाच्या पोराला असा एखादा नमुना द्यावा असं फार वाटायचं. दुकानात मिळतो तो सेट आमच्या गावात कुणी घेईल असं नाही. ही एक रुखरुख या कामात आहे, ती लिहून ठेवतो.

आता ज्या सेटबद्दल मला मुख्य सांगायचं आहे, त्याकडे येतो. खेळातली गावातली घरं एकामागून एक काढायची, अशी मोठी मालिका खेळण्यांच्या कंपनीने ठरवली. त्यातलं पहिलं घर मेंढपाळाचं. कंपनीने सरांना स्पष्ट सांगितलं, हे घर वेळेत मंजूर झालं तर सगळी मालिका बीडला. नाही झालं तर काम पुण्यातच करू. दुसरं काम आमच्याकडे नव्हतं. काम पुण्याला गेलं असतं तर ऑफिस बंद. सरांना वडिलांना सोडून जाता येत नव्हतं. प्रियांकाला परळीत हे काम कुणी दिलं नसतं. आणि मी एम.एस्सी.चं नाव घरी काढायचं की नाही, हे त्याच्यावरच होतं.

सरांनी घर माझ्याकडे दिलं. आमचं घर मेंढपाळाचं. लिंबागणेशच्या पुढे माळाला आमचं गाव आहे, आबांची, म्हणजे वडिलांची, मेंढरं आहेत. सर म्हणाले, “तू तर त्यातलाच. तुझ्यापेक्षा चांगलं कोण करणार?” मला फार बरं वाटलं.

एक पेच होता. खेळात त्या घराला मागची बाजूच नाही. खेळताना घर समोरूनच दिसतं, म्हणून मागचं कुणी काढलेलंच नाही. पण मूल खेळणं हातात फिरवतं, त्याला मागे भोक दिसून चालत नाही. इंग्रिडबाईंनी कळवलं, मागे साधी भिंत द्या, वाटल्यास एखादी किरकोळ वस्तू ठेवा. मी समोरचं सगळं खेळाप्रमाणे केलं. कौलं, धूर, पुढच्या वाड्यात मेंढ्या. मागे भिंत घातली, भिंतीला लागून जाळीचं लहान कुंपण, त्यात कोकरं, आणि कोकरं झाकायची टोपली असते तसं एक डालगं उपडं ठेवलं. चित्र समोरून होतं, ते पास झालं. कंप्युटरवरची रचनाही पास झाली, तीही समोरूनच दाखवायची होती. खरा नमुना खोक्यात घालून पाठवला.

उत्तर आलं तेव्हा सरांनी ते मोठ्याने वाचलं. इंग्रिडबाईंनी विचारलं होतं, लहान मेंढ्या तुरुंगात का ठेवल्या आहेत?

प्रियांका हसली. मग तिने पडद्याकडे बघितलं. खाली लाल अक्षरात ‘नामंजूर’ होतं.

मला प्रश्नच कळला नव्हता. मी म्हणालो, “मग कुठं ठेवायची?”

“आईजवळ. आणि कुठं?” प्रियांका म्हणाली.

“आईजवळ कशी ठेवणार? आई तर रानात गेलेली असते ना.”

“दत्ता, खेळात हे कुंपण कुठं हाय?”

मी मोबाईल काढला. खेळ उघडला. ते घर शोधलं. पुढच्या वाड्यात मेंढ्यांच्या पायांत कोकरं उड्या मारत होती. कुंपण कुठेच नव्हतं. मी हा खेळ अकरावीपासून खेळतोय. त्या घरावरून कितीदा गेलो असेन. खेळात कोकरं वेगळी ठेवतात अशी मी शपथ घेतली असती. मला वाटतं, दुसऱ्या कुठल्याही घरातल्या पोराच्या हातून ही चूक झाली नसती.

“सर, माझ्यामुळे झालं,” मी म्हणालो.

“कायकू तुझ्या एकट्यामुळे? मी पण बघितलं की. मला वाटलं कोंबड्यांचं खुराडं हाय.”

“मलाबी तसंच वाटलं,” प्रियांका म्हणाली. “म्हणलं, कोंबड्या लई पांढऱ्या केल्यात ह्यानं.”

सरांनी पंखा वाढवला, खुर्चीत बसले. शांतपणे सांगितलं की दोन गोष्टी करायच्या. कुंपण काढून साध्या भिंतीचा नवा नमुना पाठवायचा, आणि चूक कशी झाली याचं कारण लेखी द्यायचं. दोन्ही बघून मंजुरी ठरणार. दुसऱ्यांदा नामंजूर झालं तर विषय संपला. कारण तू लिही, असं त्यांनी मला सांगितलं.

मी लिहिलं, रचनाकाराची नजरचूक, क्षमस्व. सरांना दाखवलं.

“हे खरं हाय का?”

“खरंच आहे ना सर. खेळात नाही ते मी घातलं.”

“नजर चुकली असती तर कुंपण वाकडं आलं असतं. तुझं कुंपण तर एकदम सरळ हाय. घरी जा, दोन दिवस राहा, मग लिही.”

घरी गेलो. आबा दोरी वळत बसले होते. मी विचारलं, “आबा, कोकरं आपण येगळी कावून ठिवतो?”

आबांनी माझ्याकडे बघितलं. पाणी का पितो असं विचारल्यावर बघावं तसं. “ह्येच शिकवत्यात व्हय रं कॉलेजात?”

“कामासाठी पायजे.”

“कसलं काम म्हणायचं ह्ये तुजं,” आबा म्हणाले आणि परत दोरीला लागले.

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “आता कवळ्या पायानी ती रानात किती चालतील? कुठं काट्यात पडायची, कुठं लांडगं न्यायचं. आन् दिसभर आईमागं पळाली तर तिनं चरावं कवा? तिचं पोट भरलं तर ह्यांना दूद मिळंल का न्हाई?” तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, “तुला बी असंच ठिवून जायचे की मी खुरपायला. दाराला आडवी खाट लावून. लई रडायचास. पर आल्यावर भेटायचास तर जाग्यावर.”

हे मला माहीत नव्हतं. आई पुढे भाकरी थापत राहिली, आबा म्हणाले, “ह्यो न्हाई, थोरला रडायचा,” आणि त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं.

बीडला येऊन मी लिहिलं. इंग्रजी माझं बेताचं आहे, त्यामुळे वाक्यं लहान झाली. लिहिलं की हा तुरुंग नाही. आई कामाला गेली की लहानांना ठेवायची ही जागा आहे. मेंढ्यांचं असं असतं आणि आमच्याकडे माणसांचंही असतं. मलाही असंच ठेवत. मी मेंढपाळाचा मुलगा आहे. तुमच्या घराची मागची बाजू करताना मला आमच्या घराची दिसली, आणि खेळात ती नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. नियम मला मान्य आहे, कुंपण काढलं आहे.

सरांनी एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि ‘पाठव’ म्हणाले.

जुना नमुना परत आला होता, तो मोडायचा होता. प्रियांकाने घर मोडलं, कौलं मोडली, धुराचे ठोकळे वेगळे केले. कुंपणापाशी थांबली. “हे तू कर. कोकरं तुझी हायत.” मी जाळी काढली, कोकरं पांढऱ्यांच्या डब्यात टाकली. खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

मग उत्तर येईना. एरवी बाई लगेच कळवतात. पुण्याहून फोन यायचे, सर ‘वाट बघतोय’ म्हणायचे. त्यांनी ऑफिसच्या घरमालकाशी जागा सोडायचं बोलून ठेवलं होतं, ते आम्हाला टायरवाल्याकडून कळलं. मला त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही की दत्ता, तू असं का केलंस. प्रियांकानेही नाही. उलट ती पुढच्या घराची पानं करायला लागली होती, कुणी न सांगता. मी म्हणालो, आपल्याला ते मिळेल की नाही कुणास ठाऊक. ती म्हणाली, “तू गप ठोकळं लाव बे. पान तिसरं कळतंय का सांग.”

माझ्या वयाच्या पोराने कृतज्ञता वगैरे शब्द वापरू नयेत, पण त्या दिवसांत मी रोज त्या खोल्यांत जाताना मनातल्या मनात दोघांना नमस्कार करायचो. चूक केलेल्या माणसाला लोक कसं वागवतात हे मी शाळेत आणि इतर ठिकाणी पाहिलेलं होतं. हे तसं नव्हतं.

पोळ्याला मी गावी गेलो. सणाचं दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलो. आमच्याकडे रेंज फक्त मेंढरांच्या वाड्यामागच्या चढावर येते. दिवस कलला होता. मी चढावर जाऊन उभा राहिलो तेव्हा प्रियांकाचे पुष्कळ मिस्ड कॉल एकदम आले. लावला.

“कुठं मेलतास?” ती म्हणाली. “ऐक. आपण पाठवलेलं पास झालं न्हाई.”

आवाज तुटू नये म्हणून मी चढावर आणखी वर गेलो.

“ऐकतोस का? साध्या भिंतीचं पास झालं न्हाई. पहिलं झालं. कुंपणाचं.”

“ते कसं होईल? खेळात नाही ते.”

“म्हणून तर उशीर झाला. बाईंनी तुझं पत्र खेळ बनवणाऱ्यांना दाखवलं. नवीन खेळात ते घर फिरवता येणार हाय. मागं कुंपण घालतायत, कोकरं आत. खेळात आलं म्हणजे सेटमध्ये चालतंय, नियमानं. मालिका बीडला, दत्ता. पुण्याहूनबी फोन आला. सर घरी गेलेत वडलांना सांगायला, त्यांनी मलाच सांगितलं तुला फोन कर म्हणून.”

मी खाली बसलो. ती म्हणाली, “रडतोस का?” मी नाही म्हणालो.

“बरं, त्यांचा एक प्रश्न हाय, आज उत्तर द्यायचंय. खेळात दिवस उगवतो, मावळतो. ते विचारतायत, कोकरं कुंपणात घालायची ते कळलं, पण सोडायची कधी? कुठली वेळ टाकू?”

माळाच्या वळणावर धूळ दिसली. मेंढरं परतत होती. आबा कुंपणाचं दार धरून उभे होते. लांबून आयांनी ओरडायला सुरुवात केली, आणि आतून कोकरांनी. आबांनी दार उघडलं. सगळा माळ त्या आवाजाने भरून गेला, आणि त्या गर्दीत प्रत्येक कोकरू नेमकं आपल्याच आईपाशी जाऊन तिला ढुशा मारायला लागलं.

“दत्ता, हा कसला कालवा चाललाय? काही ऐकू येईना. वेळ सांग ना, काय लिहू?”

मी फोन मेंढरांकडे धरला. मग म्हणालो, “हीच लिही.”